तांदळाच्या ड्रममधला फोन

लटारूभाऊ एरवी तलावात जाळं टाकतो आणि धान कापून झालं की गावच्या नाटकात खलनायक होतो. घरी कोंबडीलाही "सरक ना बाई" म्हणणारा हा माणूस स्टेजवर हसला, की पुढची पोरं आईच्या पदरात शिरतात. त्या हसण्यावर बक्षिसं पडतात. मूलजवळच्या आमच्या गावात दहाची नोट दिली तरी देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतात. नाव चुकलं तर तो माणूस नाटक थांबवून, स्टेजवर चढून दुरुस्त करतो.

लटारूचा लंगोटीयार रामाजी नाटकातला नायक. त्याच्या टकलावर लटारूनं भाषण केलेलं आहे, तेही रामाजीच्या लग्नात. सगळ्यात जास्त हसला होता तो नवरदेवच.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात कुणीतरी ऑर्कुटवर, म्हणजे तेव्हाच्या फेसबुकवर, लटारूच्या नावानं खातं उघडलं. त्यावर त्याचा तरुणपणीचा, स्त्री-भूमिकेतला नऊवारी नेसलेला फोटो. तो फोटो फक्त नाटक मंडळाच्या पेटीत असायचा, म्हणजे काम मंडळातल्याच माणसाचं. खाली मोबाइल नंबर आणि मजकूर: "नाचाले बोलवा, कुठीबी येईन."

पार माजरीहून फोन येऊ लागले. "कंबर दुखून राह्यली, पुढच्या साली या," असं लटारू सांगायचा आणि मंडळ खो खो हसायचं. मग घाणेरडे मेसेज सुरू झाले. एकात त्याच्या बायकोचं, कुंताचं नाव होतं. त्या दिवशी लटारूनं फोन तांदळाच्या ड्रममध्ये खुपसला आणि तालमीला जाणं सोडलं. फोन आतूनही वाजायचा, उंदीर गाणं शिकत असल्यासारखा.

"तालमीले काऊन नाई जाऊन राह्यले?" कुंतानं विचारलं.

"घसा बसला."

"फोनबी बसला काय, तांदळात?"

लटारू ओशाळला. "दोस्तायची गंमत हाये. मीबी तं करतो."

"तुमी तोंडावर करता. समोरचा हसला नाई तं थांबता. इथी तुमी गप झाले तरी चालूच हाये."

कुंताकडून मासे घेणारी माधवी मूलच्या कोर्टात वकील होती. कुंता नवऱ्याला तिच्यापुढे घेऊन गेली.

"मेसेज पुसू नका, भाऊ," माधवी म्हणाली. "नंबर जपून ठेवा. त्या पानाची छापील प्रत मी काढते. दुसऱ्याच्या नावानं असं खातं चालवून त्रास देणं, बाईबद्दल असलं लिहिणं, यावर कायद्यानं तक्रार करता येते. पोलीस माग काढू शकतात."

"दोस्त असला तरी?"

"दोस्तासाठी वेगळा कायदा नाही."

तक्रार तयार झाली. तरी लटारूची सही होईना. तेव्हा कुंतानं त्याला कागदांसकट तालमीला नेलं आणि सरळ माइक घेतला.

"दहा रुपये दिले तरी तुमी नाव पुकारून घेता. मंग ज्यानं ह्यायचा फोटो जगापुढं टांगला, त्याचं नाव काऊन नाई पुकारत? उद्या हे कागद ठाण्यात जाते."

रामाजीनं नायकाचा टोप काढला. माइकपाशी आला आणि सवयीनं बक्षिसाच्या सुरात "रामाजीकडून..." म्हणून अडकला. मग हळू बोलला, "खातं मी उघडलं. मेसेज दुसऱ्यायचे. मले थांबवता नाई आलं."

"थांबवाले गेलता कवा?" लटारूनं मागून विचारलं.

"नाई गेलो."

"पहिले खातं बंद कर. मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी माधवीसमोर खातं बंद झालं. मेसेजवाल्यांचे नंबर मात्र लटारूनं सही करून ठाण्यात दिले. तिथून बोलावणी गेली आणि फोन शांत झाला. कुंतानं तो ड्रममधून काढून पदरानं पुसला.

नाटकाच्या रात्री लटारू स्टेजवर हसला, पोरं पदरात शिरली आणि पहिलं बक्षीस पडलं. लढाई अर्ध्यावर सोडून, हातात तलवार घेऊन नायकानंच ते दिलं होतं. माइकवर पुकारलं गेलं: "रामाजीकडून खलनायकाले दहा रुपये."

लटारू माइककडे गेला.

"नाव चुकलं," तो म्हणाला. "टकल्या रामाजीकडून."

रामाजीनं टोप काढून प्रेक्षकांना मुजरा केला.