दत्तूभाऊ आणि लेकीचं कपाट

दत्तूभाऊ कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करून बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा गार होईपर्यंत खुर्चीचे पायच हलवत बसले आणि म्हणाले, "राव, खुर्ची म्हातारी न्हाई झाली, दमलीय. द्या माझ्याकडं." ही आमची ओळख. खुर्ची गेली तपकिरी आणि परत आली पोपटी, गादीवर मोठाल्या फुलांचं पडद्याचं कापड. बायकोने आठवडाभर नाक मुरडलं, मग पाहुण्यांना तीच खुर्ची पुढे करू लागली.

काळेवाडीतल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्याला राहत. मूळचे बीडकडचे. सगळी हयात चाकणच्या एका कंपनीत गाड्यांना रंग मारण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणूस देवधर्माला लागतो. यांनी पॅसेजमध्ये लोकांच्या मोडक्या खुर्च्या आणि टीपॉय मांडले. वहिनी वारल्या होत्या. कंबर धरलेली असायची, रंगाच्या वासाने खोकला यायचा. "आता पुरे करा," म्हटलं की म्हणत, "बसलो की लई थकतो, राव. काम करताना निदान कशानं थकलो ते तरी कळतं." नियम मात्र एकच, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलेला: "आधी घासायचं. न घासता रंग मारला, तर जुनं खालून डोकं काढतंच."

एके दिवशी दारात टेम्पो उभा राहिला. दत्तूभाऊंची लेक रेखा सासरहून कायमची परत आली होती. का, ते कुणी विचारलं नाही. टेम्पोतून तिच्या लग्नात दिलेलं लोखंडी कपाट उतरलं. आपल्याकडे असतात तशी त्याच्या दारावर नवरा-नवरीची नावं होती आणि खाली 'आई-पप्पांकडून सप्रेम भेट'. दुकानातल्या पेंटरला हात लावू न देता दत्तूभाऊंनी ती अक्षरं स्वतः जाड लाल रंगात काढली होती.

रेखा त्या कपाटाकडे पाठ करून बसे. कपडे बॅगेतच. लागेल तो जोड काढायचा, धुवायचा, घडी करून पुन्हा बॅगेत. दत्तूभाऊ मला जिन्यात म्हणाले, "पोरगी बॅग भरूनच बसलीय, राव. पाहुणी असल्यागत. घर आपलं वाटंना तिला." त्यांना दुसरं काय येत होतं? त्यांनी कपाट रंगवायला काढलं. बाहेरून फिकट आकाशी, आतल्या कप्प्यांना वहिनींच्या जुन्या साडीचं कापड.

रंग वाळल्यावर मला हौसेने बघायला बोलावलं. खिडकीतून उजेड तिरपा पडला आणि आकाशी रंगाखालून ती अक्षरं जशीच्या तशी उठून दिसली. सगळ्या जगाला घासायला सांगणाऱ्या माणसाने नेमकं तेवढंच घासलं नव्हतं.

"हात चालंना, राव," ते म्हणाले. "लई हौसेनं लिवलं होतं." आणि मटकन खाली बसले. इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

रेखा आतून आली. अक्षरांवरून तिने एकदा बोट फिरवलं, मग पॉलिश पेपर उचलला आणि घासायला सुरुवात केली. नवऱ्याचं नाव गेलं. तिचं गेलं. मग ती खालच्या ओळीला लागली.

"अगं, ती ऱ्हाऊ दे," दत्तूभाऊ कळवळले. "ती तर आमची हाय. तुझी आई हाय त्यात."

रेखाचा हात थांबला नाही. "पप्पा, सासरी निघालेल्या मुलीला असं लिहून देतात. मी आता कुठे चाललेय?"

 दत्तूभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले, पेपरचा एक तुकडा फाडून घेतला आणि तिच्या शेजारी उभं राहून घासू लागले.  मी निघून आलो.

संध्याकाळी पुन्हा खाली डोकावलो. कपाटाचं दार घासून करडं पडलं होतं, रंगाचा नवा हात अजून द्यायचाच होता. पण दोन्ही दारं सताड उघडी होती आणि रेखा बॅगेतून एकेक कपडा काढून कप्प्यात लावत होती. भिंतीला टेकून, हातातला पेपर तसाच धरून, दत्तूभाऊ गाढ झोपले होते.