वॉल्टरच्या गायी आणि माझा गहू

शेतीसल्ल्याच्या ऑफिसात बुटांना चिखल चिकटतो आणि डोक्याला किस्से. बूट निदान दारात काढता येतात!

मी कॅनडात, कॅल्गरीच्या दक्षिणेला गव्हाची सल्लागार. माझ्याच शब्दावर वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याने हिवाळी गहू पेरला. आधी त्यात गायी चारायच्या, स्प्रिंगमध्ये वेळेवर बाहेर काढायच्या आणि त्याच पिकाचा दाणा घ्यायचा. गायी काढायला उशीर झाला, तर दाणा गेला. आणि बहुधा माझी नोकरीही!

*

गायी सोडण्याआधी रोप मुठीत धरून ओढायचं. नुसती पानं तुटली तर गायी सोडा, मुळासकट हातात आलं तर थांबा. पानंच तुटत होती, पण मला खात्री वाटेना. मी ओढतच राहिले.

शेवटी वॉल्टर म्हणाला, "गायींसाठी काही ठेवणार आहेस ना?"

*

घरटी एकेक पदार्थ आणायच्या पॉटलक जेवणात कुणीतरी विचारलं, "गायींनी खाल्ल्यावर गहू येणार कसा?"

माझा नवरा इंजिनिअर, त्यामुळे त्याला सगळंच माहीत. "केस कापले की परत येतात, तसा!"

टक्कल पडलेले जोशीकाका ताटातून मान वर न करता म्हणाले, "येतातच असं नाही."

सगळे हसले. मी सोडून.

*

बर्फ वितळल्यावर माझं रोजचं काम एकच. गायींनी न चरलेल्या कोपऱ्यातल्या काड्या ब्लेडने उभ्या चिरायच्या. आत पोकळी दिसली, म्हणजे कणीस वर सरकायला लागलं. आता गायी तेच खाणार!

एका सकाळी दिसली. शेतातूनच घाईघाईने फोन लावला आणि उचलल्याबरोबर ओरडले, "स्टॉप फीडिंग! राइट नाऊ!"

पलीकडून लेकीच्या डेकेअरच्या बाई घाबरून म्हणाल्या, "पण तिने अर्धंच केळं खाल्लंय!"

*

मग खरा वॉल्टर लागला. म्हणाला, "वन मोअर वीक."

मी लेकीला उचललं, नागपूरहून नुकत्याच आलेल्या आईलाही गाडीत घातलं आणि थेट त्याच्या फार्मवर. पोचतोय तोच लेकीचा डायपर! मागच्या सीटवर तो बदलता बदलता खिडकीतून बघते, तर साडीवर माझा जाडजूड पार्का कोट चढवलेली आई वॉल्टरसमोर उभी. एका हातात माझी चिरलेली काडी, दुसरा हात गायींकडे. तोंड अखंड चालू.

आईला इंग्रजी येत नाही. वॉल्टरला मराठी.

मी बाहेर येईपर्यंत गायी फाटकातून निघाल्या होत्या!

"वॉल्टर, काय म्हणाली ती?"

"आय हॅव नो आयडिया," टोपी सारखी करत तो म्हणाला, "पण परत सांगा म्हणायची माझी हिंमत नव्हती!"