बाईंच्या गोष्टीवर अकरा चिठ्ठ्या

मी आज जो काही आहे, तो गिरजाबाई शेंडे यांच्यामुळे आहे; आणि त्यांनी लिहिलेलं एकमेव पुस्तक मुलांच्या हाती देण्यालायक नाही, असा निर्णयही मीच दिला होता.

पहिली गोष्ट मी जन्मभर सांगत आलो. दुसरी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

शेंडे बाई आरमोरीजवळच्या आमच्या गावात शिक्षिका होत्या. तोवर आमच्या घरातलं माणूस शाळेत गेलं होतं ते फक्त जमीन सारवायला (आई) किंवा कौलं फेरायला (बाबा). मी चौथीत असताना रोवण्याच्या दिवसांत बाबांनी मला शाळेतून काढून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरवलं. दुसऱ्या दिवशी बाई पातळ वर खोचून थेट चिखलात आल्या.

"तुम्हाला दोन हातच हवेत ना? मग माझे घ्या. याला सोडा."

आणि त्यांनी धानाच्या पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, एक ओळ रोवायला घेतली. ती ओळ अशी काही वाकत गेली की अर्ध्यावरच बाबांचा धीर सुटला. "बाई, पोराले घेऊन जा. पण तुमी बांधीतून निंघा."

त्या वाकड्या ओळीवर मी बी.ए. झालो, मग बी.एड. झालो, आणि ऐंशीनंतरच्या एका वर्षी कुरखेड्याच्या पुढे, जिथून बस वळून परत येते अशा एका गावातल्या शाळेत शिक्षक म्हणून लागलो. गावात मी एकमेव पदवीधर होतो. पदवी मिळाली होती, पण ती नेमकी कुठं वापरायची असते हे काही कळत नव्हतं.

तेवढ्यात शाळेला पुस्तकांची पेटी आली. हिरव्या रंगाची, पत्र्याची. आत मुलांसाठी गोष्टींची बत्तीस पुस्तकं.

हेडमास्तर म्हणाले, "उद्घाटनाच्या आधी तुम्ही एकदा नजर घाला, सर. पोरांच्या हाती काही वेडंवाकडं जायला नको."

हे ते चहा पिता पिता म्हणाले होते. मी ते उच्च न्यायालयावर नेमणूक झाल्यासारखं ऐकलं. लाल पेन्सिल घेऊन बसलो, आणि काय सांगू, बत्तीसच्या बत्तीस पुस्तकांत अनीती! कावळा चिमणीशी खोटं बोलतो. माकड मगरीला फसवतं. एक म्हातारी तर नातवाला सांगून भोपळा चोरते. मी विचार केला, आमच्या गावच्या मुलांनी असलं वाचलं तर ती उद्या कुठं जातील? (ती तेव्हाही शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या वाडीत फळं चोरायलाच जात होती.)

पानं फाडणं मनाला पटेना. मग मी युक्ती काढली. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पट्ट्या कापायच्या, वाईट ओळीवर चिकटवायच्या, आणि वर वळणदार अक्षरात काहीतरी चांगलं लिहायचं. 'येथे माकडाने मगरीचे आभार मानले.' 'येथे आजीने भोपळा विकत घेतला.'

बातमी फुटली. पहिले आले नाकेदार. आमच्याकडे जंगलाच्या रखवालदाराला नाकेदार म्हणतात. त्यांनी एक पुस्तक उचललं. गोष्टीत एक कोल्हा जंगलाची राखण करायचा. मोळी घेऊन जाणाऱ्या सशाला अडवायचा, आणि सशानं कोंबडी दिली की सोडून द्यायचा.

"हे कोणं लिवलं?" नाकेदारांनी विचारलं.

"पुण्याकडचे कुणी लेखक आहेत."

"मंग त्याले आपल्या नाक्याचं कोणं सांगतलं?" मग त्यांच्या लक्षात आलं की आपण थोडं जास्त बोललो. "माझं काई नाई, सर. पन पोट्ट्यायवर संस्कार खराब होते नं."

मी कोंबडीवर चिठ्ठी लावली. 'येथे कोल्ह्याने सशास नमस्कार केला.' पुढच्या ओळीत पिसं उडत होती, ती झाकायची राहून गेली.

मग सरपंचभाऊ आले. त्यांना एक बेडूक राजा खटकला. तो राजा दर पावसाळ्यात नव्या तळ्याची घोषणा करायचा आणि तळं काही खोदायचा नाही.

"घोषना राहू द्या," सरपंचभाऊ मोठ्या मनानं म्हणाले. "पन चित्रात बेडकाले जाकीट काऊन घातलं?"

सरपंचभाऊ बारा महिने जाकीट घालत. मी जाकिटावर चिठ्ठी लावली. त्यांनी चित्र लांब धरून पाहिलं.

"आता तर उघडाच दिसून राह्यला, सर."

मी आणखी एक चिठ्ठी लावली. मग बेडूकच दिसेना. भाऊंचं समाधान झालं.

शेवटी खुद्द हेडमास्तर मला व्हरांड्यात घेऊन गेले. एका गोष्टीत घुबड गुरुजी होते आणि ते भर वर्गात झोपत. "घुबड दिवसा झोपतं हे शास्त्राला धरून आहे," ते हळूच म्हणाले, "पण शाळेत कशाला?"

प्रत्येकजण 'मुलांसाठी' म्हणत होता. मुलांना मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

स्वतःच्या अकलेनं मी ज्याच्यावर सर्वांत जास्त चिठ्ठ्या लावल्या ते पुस्तक अगदी बारीक होतं. लेखिकेच्या नावाच्या जागी नुसतं 'मावशी' छापलेलं. त्यातला मुलगा बाईंच्या पिशवीतून गोष्टीचं पुस्तक चोरतो, पुस्तक शेळीनं खाल्लं असं सांगतो, आणि बाई त्याला शिक्षा करायच्या ऐवजी दुसरं पुस्तक देतात! चोरी, खोटेपणा आणि वर बक्षीस. त्या एका गोष्टीवर मी अकरा चिठ्ठ्या लावल्या. असल्या मुलाचं पुढं काय होणार, असंही मनात आलं. पुस्तक मुलांना दिलंच नाही, कपाटात ठेवलं.

आता चिकटवायचं कशानं, हे सांगायला हवं. खळीला झुरळं लागतात. म्हणून मी घरातला डिंक नेला. आई तेव्हा माझ्याजवळच राहत होती; माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती, आणि आईनं तिच्या लाडवांसाठी जंगलात हिंडून धावड्याचा डिंक गोळा करून डब्यात ठेवला होता. डबा रिकामा झाल्यावर आईला कळलं.

"काऊन रे वामन, डिंक कुठी गेला?"

"शाळेच्या कामासाठी नेला."

"बाळंतिनीच्या तोंडचा घास पुस्तकायले चारला काय? पुस्तकं बाळंतीन झाले काय तुये?"

मी तिला म्हणालो, आई, हा मुलांच्या भविष्याचा प्रश्न आहे. ती म्हणाली, भविष्याले भाताची खळ चालली नसती काय.

उद्घाटनाला दोन आठवडे होते. पाहुण्यांसमोर मुलांना नीट वाचता यावं म्हणून पेटीतली पुस्तकं पाचवीच्या वर्गात वाटली. आणि चमत्कार झाला. जी मुलं पुस्तक पाहिलं की पाणी प्यायला पळायची, ती पुस्तकात अक्षरशः तोंड खुपसून बसू लागली. मधल्या सुट्टीतही. मी हेडमास्तरांना बोलावून दाखवलं. "पाहा सर, सात्त्विक वाचनाचा परिणाम." सखू नावाच्या एका मुलीच्या जिभेला निळी शाई लागलेली दिसली, पण मी म्हटलं, अभ्यास करताना लागते.

आमच्या भागातली मुलं गोळ्या-बिस्किटांवर वाढलेली नसतात. ती धावड्याच्या डिंकावर वाढतात. झाडावरून काढला, की तोंडात. मीही तसाच वाढलो होतो. पण पदवीधर माणसाला असल्या गोष्टी आठवत नाहीत.

उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, तर मी शेंडे बाईंचं नाव सुचवलं. त्या निवृत्त होऊन आरमोरीला राहत होत्या. आपण हाताला धरून काढलेल्या पोराचं काय झालं ते त्यांनी पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. आयुष्यात मला शाबासकी हवी होती ती एकाच माणसाची.

बाई बसनं आल्या. पुढच्या खुर्च्यांवर सरपंचभाऊ, नाकेदार आणि हेडमास्तर. दाराशी माझी आई. टेबलावर सगळी पुस्तकं मांडलेली, संख्या भरावी म्हणून कपाटातलंही. बाईंनी टेबलावरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई, हे इथं कसं आलं? मुलांनो, एक गुपित सांगते. 'मावशी' या नावानं छापलेलं हे पुस्तक माझं आहे. मीच लिहिलंय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात तेवढे वाजले नाहीत.

"कोण वाचून दाखवतं?"

सखू उठली. खणखणीत आवाजात वाचू लागली. "'मग मुलगा म्हणाला, बाई, पुस्तक... नेहमी खरे बोलावे. बाईंनी विचारलं, कोणत्या शेळीनं?'"

बाईंनी तिला थांबवलं. "आधीची ओळ कुठं गेली? मधेच शेळी कुठून आली?"

"चिठ्ठीच्या खाली असंल, बाई," सखू म्हणाली. "काढू काय?"

"काढ."

सखूनं बोट जिभेवर ओलं केलं, चिठ्ठीवर दोनदा फिरवलं, कोपरा धरून ती अलगद सोलली आणि तोंडात टाकली. मग चघळत चघळत वाचलं, "'बाई, पुस्तक शेळीनं खाल्लं.'"

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कोनीच नाई. सगळ्या पुस्तकात असंच हाय. जिथी चिठ्ठी, तिथी गोड लागते. अन् गोष्टीतली मज्जा बी तिथीच राह्यते."

यावर मागच्या रांगेतून एका मुलानं आपणहून उठून सांगितलं, "बाई, मले कोल्ह्याची येते. कोल्ह्यानं कोंबडी घेतली अन् सशाले सोडून देल्लं!" ते त्यानं नेमकं नाकेदारांकडे पाहून म्हटलं. नाकेदार कौलं मोजू लागले. दुसऱ्यानं बेडकाची घोषणा तोंडपाठ म्हटली. सरपंचभाऊंनी एवढ्या उकाड्यातही जाकिटाची वरची गुंडी लावली, मग काढली. "घुबड गुरुजी" एवढंच कुणीतरी म्हणालं आणि हेडमास्तर, जे खरोखरच पेंगत होते, ते ताठ बसले. बाकी पुस्तकांवर एकही चिठ्ठी उरली नव्हती. संपूर्ण वर्गाला मी बंदी घातलेला भाग तेवढा पाठ होता.

बाईंनी सखूकडून पुस्तक घेतलं. स्वतःचं बोट ओलं केलं. उरलेल्या दहा चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि टेबलावर ओळीनं मांडल्या. ती ओळ मात्र अगदी सरळ होती. शेवटच्या चिठ्ठीवर माझं अक्षर होतं: 'चोरास बक्षीस देणे योग्य नव्हे.' तिच्याखालचं त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"'बाईंनी ओळखलं, पुस्तक शेळीनं खाल्लेलं नाही, या मुलानंच खाल्लेलं आहे. एवढी भूक असलेल्या पोराला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून त्यांनी पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं.'"

मग त्या माझ्याकडे वळल्या. सगळ्या शाळेसमोर, त्याच जुन्या हाकेनं.

"वामन्या, हे अक्षर मी ओळखते. मीच गिरवून घेतलंय. आता मला सांग, तुमच्या घरी शेळी कुठी होती रे? रेडकू होतं. छापणारा म्हणाला, रेडकाचं चित्र जमत नाही, म्हणून शेळी केली."

आणि मला आठवलं. मी आठ वर्षांचा, हातात दोर, दोराला रेडकू, आणि ते वर्गाच्या दारात उभं करून मी बाईंना गंभीरपणे सांगतोय, "बाई, तुमचं पुस्तक याच्या पोटात हाय. पाह्यजे तं इचारा त्याले."

कोल्ह्यात नाकेदारांनी स्वतःला ओळखलं. बेडकात सरपंचांनी ओळखलं. घुबडात हेडमास्तरांनी. सगळ्या गावात एकच माणूस स्वतःला ओळखू शकला नाही, आणि गावात पदवी त्याच्याचकडे होती.

बाई चहा न घेता निघाल्या. आई माझ्याकडे पाहत म्हणाली, "बाळंतिनीचा डिंक गेला, बाईचा चहा गेला. अन् म्हने पोरगं शिकलं."

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी मी हे पत्र लिहिलं:

*आदरणीय बाई, सविनय जयभीम.*

*बस चुकेल म्हणून आपण चहा घेतला नाही, असं हेडमास्तर म्हणतात. आई म्हणते, त्या दिवशी बस अर्धा तास उशिरा सुटली. मला आईचं खरं वाटतं.*

*चिठ्ठ्या खाऊन एकाही मुलाचं पोट दुखलं नाही. नाकेदारांचं दुखतं आहे. पेटी परत पाठवावी असा अर्ज त्यांनी आणि सरपंचभाऊंनी मिळून केला आहे. पेटी राहू द्यावी असं मी खाली सही करून लिहून दिलं. त्यामुळं माझी बदली सिरोंच्याकडे होईल, असं ऐकतो. तिकडची मुलंही डिंक खातात, अशी चौकशी मी करून ठेवली आहे.*

*रेडकानं न खाल्लेलं आपलं पुस्तक अजून माझ्या ट्रंकेत होतं. काल ते शाळेच्या पेटीत जमा केलं. आता पुस्तकं तेहतीस झाली. सखूनं ते आजच नेलं. परत आणेल असं वाटत नाही. तिच्या घरी दोन शेळ्या आहेत.*

*एक राहिलं. आपल्या गोष्टीतला मुलगा शेवटपर्यंत बाईंची माफी मागत नाही. ती ओळ त्यानं या पत्राच्या खाली लिहिली आहे, पण लाज वाटून तिच्यावर चिठ्ठी लावली. बोट ओलं करून काढावी. डिंक धावड्याचाच आहे, आईनं नव्यानं आणलेला. चांगला गोड आहे. ही चौथी चिठ्ठी आहे, आधीच्या तीन मी खाल्ल्या.*

*आपला विद्यार्थी,*
*वामन*