साडभाऊंच्या मालकीचे शब्द

भाषेतले शब्द सगळ्यांच्या मालकीचे असतात अशी आपली एक समजूत असते. ती चुकीची आहे. निदान इंग्रजी अक्षरांत लिहिलेले बरेचसे मराठी शब्द कित्येक वर्षं माझ्या थोरल्या साडूंच्या मालकीचे होते. कापूस त्यांचा होता, हळद त्यांची होती, पाऊस, बैल, लोणचं, चुलता हे सगळे त्यांचे होते. रीतसर पैसे भरून त्यांनी ते घेतले होते आणि वर्षाच्या वर्षाला त्यांचं भाडंही ते न चुकता भरत होते. सेलूला मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, त्यांचं बी-बियाणांचं आणि खताचं दुकान. एखादं गिऱ्हाईक पायरीवरूनच ‘कापसाचं बी हाय का?’ असं ओरडलं, की साडभाऊंच्या चेहऱ्यावर क्षणभर एक उदार भाव उमटायचा. हा माणूस आपला शब्द फुकटात वापरतो आहे, पण वापरू द्या, गरीब आहे, असा काहीसा तो भाव असायचा.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते बटणांच्या मोबाइलच्या काळात. त्या इवल्याशा पडद्यावर इंटरनेट नुकतं दिसायला लागलं होतं आणि वेबसाइटच्या पत्त्यांसाठी डॉट कॉमऐवजी खास मोबाइलचं वेगळं शेपूट लावलेली नावं विकायला निघाली होती. रविवारच्या पुरवणीत साडभाऊंनी वाचलं, की इंटरनेटवरचं एक नाव एकालाच मिळतं, आधी येईल त्याला मिळतं, आणि अमेरिकेत कुणीतरी एक साधासुधा रोजच्या वापरातला शब्द विकून गडगंज झालं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं आक्का सांगतात. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडभाऊंच्या सौभाग्यवती.

न जेवण्याचं कारण देवगाव फाट्यावर होतं. त्या फाट्यावर बाभळी आणि चहाची एक टपरी यापलीकडे काही नव्हतं, तेव्हा साडभाऊंच्या वडिलांना तिथली रस्त्याकडेची जमीन कुणीतरी देऊ केली होती. ‘हितं कोण मरायला येतंय,’ असं म्हणून वडील बैलगाडीत बसून परत आले. पुढं तिथं धाबे आले, पेट्रोलपंप आला, दुकानांची रांग उभी राहिली. मी साडभाऊंबरोबर त्या रस्त्यानं जेवढ्या वेळा गेलो असेन तेवढ्या वेळा त्यांनी एसटीच्या खिडकीतून बोट काढून मला ती जमीन दाखवली आहे. ‘बगा. त्या धाब्याच्या भट्टीपासून त्या लिंबापर्यंत. आमची असती.’ इंटरनेटची ती बातमी वाचल्यावर त्यांना मोबाइल म्हणजे एक भला मोठा फाटा दिसला. ‘आत्ता तिथं नुसत्या बाभळी हायेत,’ ते मला म्हणाले. ‘म्हणून तर घ्यायचं. टपरी आली की भाव गेला.’

दुकानाच्या नावानं पत्ता घ्या असं मी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की माझी सरकारी नोकरी मला एकाएकी लहान वाटायला लागली. ‘आपल्या नावाची पाटी कोणीबी लावतंय. मला नुसतं कापूस पायजे. कोणाचा कापूस न्हाई, कशाचा कापूस न्हाई. मोंढा एकच ऱ्हायला पायजे आन् तेची वेस आपली.’ मग इंग्रजीत कापूस कसा लिहायचा हा प्रश्न आला. यू घालावा तर कोणी डबल ओ घालेल, एक ए घालावा तर कोणी दोन घालेल. साडभाऊंनी कापूस सगळ्या बाजूंनी विकत घेतला. बांध धरल्याशिवाय शेत आपलं होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

शब्दाची किंमत ठरवायची त्यांची रीत स्वतःची होती. अर्थ दुय्यम. बटणं किती दाबावी लागतात ते महत्त्वाचं. त्या फोनवर काही अक्षरं एका दाबात उमटायची, काहींना तेच बटण पुन्हा पुन्हा दाबावं लागायचं. ‘कापसात सगळं चांगलं हाय,’ ते हळहळून म्हणायचे, ‘पण शेवटी तो यस आडवा येतो. चारदा दाबा. शेतकरी माणूस तीनदा दाबतो आन् सोडून देतो.’ मग एक दिवस त्यांना ‘जागा’ हा शब्द सापडला. इंग्रजीत चार अक्षरं, प्रत्येकाला एकच दाब, आणि अर्थ म्हणाल तर साक्षात जागा. ते धावत संगणकाच्या दुकानात गेले. पण तो शब्द कुणा परदेशी माणसानं आधीच घेऊन ठेवला होता. त्याच्या भाषेत त्याचा काय अर्थ होता देव जाणे. साडभाऊ त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल पुढं अनेक वर्षं ‘त्यो जागेवाला’ असं, भाऊबंदकीतल्या माणसाबद्दल बोलावं तशा सुरात बोलत.

गिऱ्हाइकांना ते बाजारभावासारखे प्रश्न विचारायचे. एकदा माझ्यासमोर त्यांनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला युरियाच्या पोत्यावर बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, ‘आप्पा, समजा तुमाला मोबाइलमदी हळदीचा भाव बगायचाय. तर तुमी काय दाबताल?’

आप्पांनी बराच विचार केला. ‘तुमचा नंबर दाबीन,’ ते म्हणाले. ‘तुमी सांगतालच की.’

साडभाऊ खचले नाहीत. आप्पांच्या नातवंडांवर त्यांची भिस्त होती.

बोलता बोलता कुणाच्या तोंडून एखादा चांगला शब्द निसटला, की हा माणूस तिथून उठायचा. माझ्या पुतणीला पाहायला जिंतूरहून मंडळी आली होती. पोहे झाले, प्रश्न झाले. तेवढ्यात मुलाचे आजोबा म्हणाले, ‘आता सोयरीक म्हणजे कसं हाय...’ साडभाऊ ताडकन उठले आणि बाहेर गेले. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना स्थळ पसंत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. माझा भाऊ घाईघाईनं पुन्हा पोहे वाढायला लागला. खिडकीतून मला दिसत होतं, साडभाऊ रेंजसाठी पाण्याच्या हौदावर चढून शब्द घेऊन देणाऱ्या संगणकवाल्याशी फोनवर बोलत होते. थोड्या वेळानं ते दोन्ही हात वर करून आत आले आणि ओरडले, ‘मिळालं! जमलं!’ मुलाच्या आजोबांना वाटलं, हे बाहेर जाऊन कुणा जाणत्या माणसाचा शब्द घेऊन आले. त्यांनी लगेच साखर मागवली. पुतणीचा संसार आज उत्तम चालला आहे, आणि आपलं लग्न एका इंटरनेटच्या पत्त्यामुळं ठरलं हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

विकत घेणारा माणूस एकदाच आला. पुण्याहून गाडी घेऊन आला. त्याला हळद हवी होती. मुलीच्या बापानं स्थळाला बसवावं तसं साडभाऊंनी त्याला समोर बसवून विचारलं, ‘तिथं काय करणार तुमी?’ तो म्हणाला, तोंडाला लावायचं क्रीम विकणार. साडभाऊंनी त्याला हळदीचे भाव विचारले, लागवडीचा महिना विचारला, बियाण्याचा जेठा गड्डा कोणता ते विचारलं. त्याला यातलं काहीच येत नव्हतं. त्यानं आकडा सांगितला. पडद्याआडून आक्कांनी तो ऐकला आणि चहात साखर जास्त घातली. साडभाऊ म्हणाले, ‘आत्ताशी टपरी आलीया. अजून भाव यायचाय.’ गाडी परत गेली. त्या आठवड्यात आक्का भाकरी थापायला लागल्या की आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा.

‘माणूस बाई ठिवतो, बाटली ठिवतो,’ आक्का माझ्या बायकोला सांगायच्या. ‘ह्येंनी हळद ठिवली. कुणाला सांगावं माय?’

आणि मग फाटाच हलला. बटणांचे फोन गेले, काचेचे आले. मोबाइलसाठी वेगळ्या पत्त्याची गरजच उरली नाही, आणि पुढं पुढं लोक पत्ता टाकायचंच विसरले. चित्रावर बोट ठेवलं की दुकान उघडायला लागलं. त्याहून पुढं तर लोक फोनशी नुसतं बोलायला लागले. साडभाऊ हे सगळं गल्ल्यावर बसून शांतपणे पाहत होते. ‘येतेत परत,’ म्हणायचे. ‘माणसाला नाव लागतंच.’ पण आता ते फाट्यावरून जाताना खिडकीतून बोट काढत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

मग एका दुपारी दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. जीपमध्ये घालून त्यांना नांदेडला नेलं. मी परभणीहून पोहोचलो तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते, शुद्धीवर होते, आणि नळ्यांच्या गुंत्यातून एकच गोष्ट सांगत होते, ‘मुद्दत संपायली... माझी मुद्दत संपायली...’

नर्स चांगल्या स्वभावाची होती. तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ‘बाबा, असं बोलू नये. अजून लय जगायचंय तुमाला.’

साडभाऊ वैतागून म्हणाले, ‘माझी न्हाई वो. हळदीची.’

नर्सनं डॉक्टरांना बोलावलं.

बाहेरच्या बाकावर आक्का त्यांचा फोन धरून बसल्या होत्या. फोनवर सारखे इशारे येत होते. साडभाऊंनी बहुतेक शब्द एकाच हंगामात घेतलेले होते, त्यामुळं त्यांच्या मुदतीही एकदमच भरल्या होत्या. पैसे भरले नाहीत तर एकेक शब्द हातचा जाणार होता. इकडं दवाखान्याचा खर्च पुढं उभा होता. आक्कांच्या भिशीचे पैसे मात्र तेवढे शिल्लक होते. मला वाटलं, आता आक्का तो फोन बंद करून पिशवीत टाकतील आणि इतक्या वर्षांचा हिशेब एका बोटानं चुकता होईल. मी त्यांना दोष दिला नसता.

आक्कांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘भाऊजी, वाचा बरं एकेक.’

‘कापूस,’ मी वाचलं.

‘जाऊ द्या.’

‘आक्का, कापूस म्हणजे त्यांचा...’

‘जाऊ द्या म्हणलं ना. फुडं.’

कापूस सगळ्या बांधांसकट गेला. सोयाबीन गेलं, सोनं गेलं, बैल गेला. हळदीपाशी त्या जरा थांबल्या, पुण्याची ती गाडी त्यांना आठवली असावी. मग म्हणाल्या, ‘ती बी जाऊ द्या.’ भाकर ठेवली. पाऊस ठेवला. चुलत्याला तर त्यांनी इतक्या त्वेषानं घालवलं, की मी त्यांच्या घरातल्या जुन्या वाटणीबद्दल काही विचारलं नाही. मग मी ‘माहेर’ असं वाचलं, आणि आक्कांनी फोन ओढून डोळ्यांजवळ नेला. हा शब्दही आपल्या नवऱ्यानं घेतलेला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांचं आणि माझ्या बायकोचं माहेर चारठाण्याचं. आईवडील गेले, भाऊ पुण्याला गेला, घर विकलं, ज्यानं घेतलं त्यानं पाडून गोदाम बांधलं. दोघी बहिणी आता त्या गावाला जात नाहीत.

‘लांबात लांब मुद्दत कितीची असती?’ आक्कांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी तेवढ्या मुदतीचे पैसे भरायला लावले.

साडभाऊ वाचले. घरी आल्यावर पलंगावर उशीला टेकून त्यांनी विचारलं, ‘काय काय गेलं?’ आक्कांनी सांगून टाकलं. कापूस ऐकून त्यांनी डोळे मिटले, हळद ऐकून उघडले. मला वाटलं, पुन्हा नांदेड गाठावं लागतंय.

‘मग ऱ्हायलं काय?’

‘भाकर, पाऊस आन् माहेर.’

‘कामून? ह्याला कोण गिऱ्हाईक येणार?’

‘न येऊ द्या,’ आक्का म्हणाल्या आणि गोळ्या काढायला आत गेल्या.

साडभाऊंनी पाठीमागची उशी सारखी केली. मग मला म्हणाले, ‘हिला विचारून घेतलं असतं तर पयल्यापासून थोडकेच घेतले असते.’

दुकान आता मुलगा बघतो. साडभाऊ ओसरीत बसून असतात, फिरायला म्हणून मोंढ्याच्या कोपऱ्यापर्यंत जातात, आणि कुणी चांगला शब्द बोललं तर नुसती मान हलवतात. त्या पडून राहण्याच्या दिवसांत त्यांनी मुलाकडून शिकून एक काम मात्र केलं. इतकी वर्षं त्यांच्या एकाही शब्दाच्या पत्त्यावर काहीच नव्हतं. त्यांनी माहेरच्या पत्त्यावर एक पान उभं केलं. आक्का भाजी निवडत सांगायच्या आणि ते एका बोटानं लिहायचे. चारठाण्याच्या देवळांजवळून घराकडं वळणारी वाट, दगडी उंबरा, न्हाणीशेजारचा कढीपत्ता, आईची बसायची जागा, पुढच्या दाराशी चिंच. चित्रं नाहीत, रंग नाही, विकायला काही नाही. शुद्धलेखन साडभाऊंचं.

माझी बायको इतकी वर्षं त्यांना हसत आली होती. मी तिला फोनवर ते पान काढून दिलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. मग आक्कांना फोन लावला आणि म्हणाली, ‘आक्का, चिंच मागं होती गं. पुढं कडुलिंब होता. मी पडले न्हवते का चिंचेवरून?’

तिकडून आक्कांचा आवाज आला, ‘आगं हो की माय.’ मग त्यांनी फोन बाजूला धरून साडभाऊंना काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी मी ते पान पुन्हा उघडून पाहिलं. साडभाऊंनी चिंच मागं नेली होती.