दाजींची घट

आमच्या दाजींना साक्षात देव भेटला, तर पाया पडण्याआधी ते त्याला काट्यावर उभं करतील, याबद्दल विट्यापासून तासगावापर्यंतच्या आमच्या एकाही नातेवाइकाचं दुमत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. विट्याकडची बरीच माणसं करतात तेच त्यांनी केलं. मिसरूड फुटतंय न फुटतंय तोवर परमुलखात जाऊन सोनं गाळायचं, म्हणजे गलाईचं काम धरलं आणि तीसेक वर्षं भट्टीपुढं बसून गावी परतले. येताना मोडकंतोडकं हिंदी आणलं, भाजून टणक झालेली बोटं आणली आणि खिशात मावणारा एक काटा आणला. तो काटा अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. झोपताना उशाखाली जातो.

या माणसाचा कशावरही विश्वास नाही, वजनावर तेवढा आहे. माझ्या लग्नात त्यांनी पंगतीला बसण्याआधी आणि उठल्यावर कोठीघरातल्या धान्याच्या काट्यावर स्वतःचं वजन केलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर माझ्या सासऱ्यांना सांगितलं, ‘‘नऊशे ग्रॅम जेवण झालं. लय झ्याक.’’ सासरे आजही विचारतात, तुमचे ते नऊशे ग्रॅमवाले पाहुणे बरे आहेत ना? न्हाव्याकडून उठताना आपले कापलेले केस ते पुडीत बांधून तोलतात. कुणी सत्कार केला, तर घरी येऊन हारातला दोरा वेगळा काढतात, कारण त्यांच्या मते सत्कार फक्त फुलांचा धरायचा. गलाईच्या दुकानात केर टाकत नाहीत, त्यात सोन्याचा कण असू शकतो. ती सवय इतकी हाडीमाशी भिनलेली, की घरच्या ओसरीचा केरही ते आठवडाभर डब्यात साठवतात. अक्का शनिवारी गुपचूप तो डबा उकिरड्यावर रिकामा करते.

अशा माणसाच्या पोटात एक खोटं वजन होतं. एका दुपारी ते माझ्या शाळेत आले. मी तासगावात विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेचं दार आतून लावून म्हणाले, ‘‘मास्तर, मला धाव्वी पास करायचीया.’’

मी हसलो. ते हसले नाहीत. अक्काला बघायला आले होते तेव्हा आमच्या चुलत्यांनी, आबांनी, शिक्षण विचारलं आणि दाजी ‘‘मॅट्रिक’’ म्हणून बसले. खरं तर विज्ञानात त्यांची दांडी उडाली होती. ‘‘आन् ती बया गावभर सांगत सुटतीया, आमचं ह्ये मॅट्रिक हायत. परवा भरल्या हळदीकुंकवात सांगितलं. गड्या, उभ्या जन्मात गुंजभर सोनं कुणाचं खाल्लं न्हाई मी, पर बायकूला खोटं माप दिलंय. मरायच्या आत त्ये खरं करायचं. तिला कळू देऊ नगं.’’ त्यांचे डोळे भरून आले होते. मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणून दिला.

अक्काला सांगितलं, डॉक्टरांनी दाजींना चालायला सांगितलंय. रोज ‘चालायला’ म्हणून ते एस्टीनं माझ्याकडं यायचे. बाकीचे विषय रेटून नेता येणार होते, धास्ती विज्ञानाची. पण रसायनशास्त्रातली मोल ही भानगड, जिच्यापुढं आमची चांगली चांगली पोरं हात टेकतात, ती दाजींनी अर्ध्या तासात गिळली. मी शंभर द्राक्षं आणि शंभर बेदाणे त्यांच्यापुढं मोजून ठेवले. त्यांनी दोन्ही तोलले आणि मांडीवर थाप मारली, ‘‘म्हंजे मोजणी तीच, वजन निराळं! बारा ग्रॅम कोळशात जेवढं दाणं, तेवढंच एकशे सत्त्याण्णव ग्रॅम सोन्यात! आरं, मग ह्ये आदी का न्हाई सांगितलं कुणी?’’ मग त्यांनी दोनशेच्या दोनशे दाणे खाल्ले, अर्थात खाण्याआधी आणि नंतर शाळेच्या वजनकाट्यावर स्वतःला तोलून.

घोडं अडलं ते चुनखडीपाशी. शंभर ग्रॅम चुनखडी तापवली तर चुना किती मिळेल? समीकरण बरोबर, आकडेमोड बरोबर आणि उत्तर साडेपंचावन्न.

‘‘दाजी, छप्पन्न.’’

‘‘घट धरली.’’

‘‘कसली घट?’’

‘‘भट्टीत माल घातला आन् घट आली न्हाई, असं कुठं आसतंय व्हय? आर्धा ग्रॅम तर मुशीलाच चिकटतुया!’’

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, कागदावर मूस, म्हणजे तुमचं वितळवायचं भांडंच नाही. छप्पन्न चुना आणि चव्वेचाळीस ग्रॅम वायू, झाले शंभर. काही हरवलं नाही. दाजींनी फळ्यावरच्या चव्वेचाळीसवर बोट ठेवलं. ‘‘म्हंजे वर उडून गेलं त्येचाबी पत्ता हाय?’’ आहे म्हटलं. ‘‘तीस वरीस धूर बघितला रं मी,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘वाटायचं, गेलं त्ये गेलं.’’ पटलं त्यांना, पण हाताला पटेना. सराव म्हणून दिलेल्या प्रत्येक गणितात उत्तर थोडं कमी यायचंच. शेवटी मी ओरडलो, ‘‘बोर्डात घट धरलीत तर नापास!’’

परीक्षेच्या दिवशी पंधरा वर्षांच्या पोरांत पांढऱ्या मिशीचे दाजी ताठ बसले होते. बाहेर आल्यावर मी आधी तेच विचारलं.

‘‘न्हाई धरली. आगदी तंतोतंत लिवलंय. फकस्त खाली बारीक अक्षरात लिवलं, परत्यक्षात कमी भरंल.’’ निकालापर्यंत मी त्या एका ओळीचे मार्क मनात रोज कापत होतो आणि रोज परत देत होतो.

निकाल माझ्याच मोबाइलवर बघितला. सगळ्या विषयांत पास, विज्ञानात एकसष्ट! दाजींनी शाळेच्या मैदानात अशी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले आणि मुख्याध्यापक बाहेर धावत आले. गुणपत्रिका हातात पडली त्या दिवशी दाजींनी ती आधी काट्यावर ठेवली. ‘‘साडेसहा ग्रॅम,’’ म्हणाले, ‘‘पर जड हाय गड्या.’’

घरी अक्का शेंगा फोडत बसली होती. दाजींनी गुणपत्रिका तिच्या पुढ्यात ठेवली आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. अक्कानं पदराला हात पुसले, कागद उचलला, सगळे आकडे वाचले.

‘‘आवं, मला ठावं हाय की,’’ ती म्हणाली. ‘‘आबा तवाच तुमच्या शाळंत जाऊन आलंवतं. मला म्हणालं, पोरगं इज्ञानात नापास हाय, खोटं बोललं, मोडायचं का? मी म्हटलं, माणूस हाय, थोडी घट यायचीच. ती धरूनबी चांगला भरतुया.’’

‘‘मग गावभर मॅट्रिक म्हणून का सांगत व्हतीस?’’

‘‘तुमी सांगितलंवतं म्हणून.’’

दाजी तिच्याजवळ बसले आणि शेंगा फोडू लागले. संध्याकाळी मी निघालो तेव्हा पाटीत शेंगदाण्यांचा ढीग झाला होता, आणि त्यांनी तो तोलला नव्हता.