दारातल्या चपला

सरिताबाई आमच्या घरी आल्या की आधी माझ्या तोंडाकडं बघत नाहीत, दारातल्या चपलांकडं बघतात. माझ्या, नवऱ्याच्या, दोन्ही लेकरांच्या. सगळे जोड दिसले की 'काय गं प्रेरणा, चहा टाकलास का?' म्हणत आत येतात. एखादा जोड कमी असला की उंबऱ्यावरच अडतात. 'धाकटी कुठंय?' 'ट्यूशनला गेलीय, बाई.' मग त्यांचा जीव खाली पडतो. पूर्वी मला या सवयीचं हसू यायचं. आता त्या येणार म्हटलं की मीच लेकरांच्या चपला ओळीनं लावून ठेवते.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली. आम्ही दोघी मुकुंदवाडीकडच्या पालिकेच्या शाळेत होतो. शाळेत न जाणारी मुलं हुडकायचं काम दरवर्षी शिक्षकांच्याच गळ्यात पडतं. आम्ही बाकीचे दारातूनच 'लेकरं किती?' विचारायचो, सांगतील ते लिहायचो आणि पुढं सटकायचो. सरिताबाईंना असली थातूरमातूर कामं खपायची नाहीत. घरातली बाई सांगायची, 'एकच पोरगं हाय, जातंय शाळंला.' सरिताबाई खाली बघायच्या. 'मग ह्या गुलाबी पट्ट्याच्या कुणाच्या? तुझ्या सासूच्या का?' की आतून कडेवर लहान भावंड घेतलेली एखादी पोर हळूच बाहेर यायची. चिकलठाण्यापर्यंतच्या वस्त्यांमधून अशा कितीतरी पोरी त्यांनी हाताला धरून वर्गात आणून बसवल्या. पोरं त्यांना चपलावाल्या बाई म्हणायची. त्या वरवर रागवायच्या, पण आतून खूश असायच्या.

त्या मूळच्या करमाडच्या. वडील, फकिरा, एका गवंड्याच्या हाताखाली राबायचे. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पत्र्याची एक पेटी होती आणि तिच्यात पुस्तकं होती. शिकलेलं कुणी घरी आलं की फकिरा पेटी उघडून त्याला वाचायला बसवायचे, सोडायचेच नाहीत. त्या पेटीला पाय लागला म्हणून सरिताबाईंनी लहानपणी मार खाल्ला होता, तो एकदाच. पुस्तकं असलेल्या घरात त्या आजही मान खाली घालून शिरतात. संघपाल सरांच्या घरात त्या अशाच शिरल्या आणि तिथंच त्यांचा घात झाला.

संघपाल सर कॉलेजात तासिकेवर शिकवायचे. मुलगी मेघा. तिला पहिलीच्या वर्गात सोडून परत येताना तिची आई जालना रोडवर टँकरखाली गेली. त्या दिवसानंतर सरांनी मेघाला शाळेत पाठवलं नाही. सरिताबाई विचारायला गेल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मी शिकवतो तिला. तुमच्या शाळेपेक्षा बरं शिकवतो. हवं तर तपासा."

सरिताबाईंनी वरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मूल शिकतंय ना? मग शाळाबाह्य कसं म्हणायचं? वर्षातून एकदा तुम्ही बघून या म्हणजे झालं." घरी शिकणाऱ्या लेकरांचं काय करायचं, हे आम्हाला कुणी धड सांगितलेलं नाही. आणि जे काम कुणालाच धड माहीत नसतं, ते आमच्यात एखाद्या बाईच्या अंगावर ढकलून मोकळे होतात.

एका वर्षी मीही त्यांच्यासोबत गेले होते. भिंतभर पुस्तकं, फोटोला ताजा हार, लादी लख्ख. इस्त्रीचा फ्रॉक घातलेली मेघा आली आणि म्हणाली, "आपण पाणी घेणार का?" मुकुंदवाडीत एवढ्याशा पोरीच्या तोंडून 'आपण' ऐकून मला हसूच फुटलं. बाप शेजारी खुर्चीत बसलेला. सरिताबाई म्हणाल्या, "वाच बघू, बाळा." तिनं मराठीचं पुस्तक उघडलं आणि आठवडी बाजाराचा धडा वाचला. कुठं अडखळणं नाही, कुठं घाई नाही. भाजीवाल्यांच्या आरोळ्या तर तिनं अशा काढल्या की मी बघतच राहिले. सरिताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला कोपरानं ढोसत म्हणाल्या, "माझ्या सातवीच्या पोरांना असं वाचता येत नाय गं."

निघताना मेघा आमच्यामागं उंबऱ्यापर्यंत आली. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. सरिताबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "तू नको येऊस बाहेर. ऊन लई हाय. पाय भाजतील."

पोरगी तिथंच थांबली. आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तशीच उभी होती. सरिताबाई दरवर्षी जायच्या, दरवर्षी ती वाचायची, उंबऱ्यापर्यंत यायची, आणि दरवर्षी त्या तिला मायेनं हेच सांगायच्या.

तिच्या पायात काही नाही, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. आमच्या सोडल्या तर दारात एकच जोड होता, सरांचा. पण चपला बघायच्या त्या लपवलेलं लेकरू शोधायला. इथं लेकरू समोर उभं होतं, खणखणीत वाचत होतं. मग दाराकडं कशाला बघायचं? एवढी पुस्तकं असलेल्या घरात पोरीला चपलाच नाहीत, म्हणजे ती कधी बाहेरच पडत नाही, हा हिशोब चपलावाल्या बाईंना जुळला नाही. मलाही नाही.

मेघा चौदा वर्षांची झाली आणि सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याबाहेर गेली. पुढं तिला बघायला जायचं कुणालाच काही कारण उरलं नाही. सरिताबाई निवृत्त झाल्या. कधीमधी कौतुकानं म्हणायच्या, "ती पोरगी मोठी अधिकारी व्हणार बघ."

मागच्या उन्हाळ्यात मेघाच्या शेजारच्या भामाबाईंचा त्यांना फोन आला. संघपाल सर गेले. अंत्यविधीही झाला होता. शेंद्र्याचे काका, पुंडलिक, पोरीला न्यायला रिक्षा घेऊन आले होते, पण ती घराबाहेर पाऊल टाकायला तयार नव्हती. बापाला नेलं तेव्हाही ती आतच बसून होती. नुसतं 'बाईंना बोलवा' म्हणत होती. कोणत्या बाई, ते कळायला भामाबाईंना वेळ लागला.

मी सरिताबाईंना स्कूटीवर घेऊन गेले. भामाबाई गल्लीतच भेटल्या आणि रडायलाच लागल्या. "मला काय ठावं, बाई? पोरगी वाचत व्हती. मोठमोठ्यानं. दिवसभर वाचत व्हती, रात्रीबी वाचत व्हती. मी म्हनलं, परीक्षा असंल. तिला कुठली आलीय परीक्षा, हे डोक्यातच आलं नाय माझ्या. दुसऱ्या दिवशी आवाज बसला तिचा, तवा मी खिडकीतून डोकावले."

तोवर सर पलंगावरच गेलेले होते. अर्धांगाचा झटका. डॉक्टर म्हणे, वेळेत आणलं असतं तर कदाचित हाती लागले असते.

मेघा पुस्तकांच्या भिंतीला टेकून बसली होती. सतरा वर्षांची पोर, पण तळवे बाळाच्या तळव्यांसारखे मऊ, कुठं भेग नाही की घट्टा नाही. सरिताबाई तिच्याजवळ बसल्या. "मेघा, अगं हाक का नाय मारलीस कुणाला? शेजारी भामाबाई व्हत्या ना."

मेघाचा आवाज अजून बसलेलाच होता. ती म्हणाली, "मी हाकच मारत होते. मोठ्याने वाचत होते. वाचले की बाई येतात."

आई गेल्यापासून त्या घरात बाहेरचं माणूस एकच येत होतं, आणि ते आलं की तिनं वाचायचं असायचं. एवढीच काय ती तिची बाहेरच्या जगाशी ओळख, आणि ती आम्ही करून दिली होती.

मग सरिताबाई उठून दारात गेल्या. खाली बघितलं. सरांच्या चपला अजून तशाच होत्या, घरचा दुसरा जोड नव्हता. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. तोंडावर पदर दाबून धरला होता आणि खांदे हलत होते. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच्या चपला उंबऱ्यापाशी आत वळवून ठेवल्या आणि अनवाणी अंगणात उतरल्या. भर दुपार. अंगणातलं सिमेंट तव्यासारखं तापलेलं.

"घाल त्या," त्या म्हणाल्या. "ये बाहेर."

मेघा उठली. चपला घातल्या. अंगठ्याचा पट्टा बोटांत कसा धरायचा तेही तिला नीट जमेना, पाय पुढं सरकत होता. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. सरिताबाईंच्या पायांकडं बघत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "ऊन फार आहे. पाय भाजतील. आपण आत या."

सरिताबाई आत गेल्या नाहीत. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत तिथंच उभ्या राहिल्या. डोळे वाहत होते, हात पुढं केलेला होता. मी म्हटलं, "बाई, सावलीत तरी या." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "ये," एवढंच म्हणत राहिल्या. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांचे पाय बघवेनात म्हणून असेल, मेघा त्यांच्या चपला त्यांना परत द्यायला बाहेर आली. पुंडलिक काकांनी तिला तशीच धरून रिक्षात बसवली. सरिताबाईंच्या तळव्यांना पाण्यानं भरलेले फोड आले होते. मी मलम लावायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. बरं वाटतंय."

आता मेघा शेंद्र्याला काकांकडं असते. घरचे चांगले आहेत. तिला नव्या चपला आणल्या आहेत, त्या दारात असतात आणि अजून नव्याच दिसतात. सरिताबाई दर रविवारी बसनं तिकडं जातात. त्या आत जात नाहीत, अंगणातच उभ्या राहून हाक मारतात. कधी ती बाहेर येते, दोघी बांधापर्यंत चालून येतात.

पण त्यांची हाक ऐकली की दरवेळी आधी घरातून वाचायचा आवाज सुरू होतो. आठवडी बाजाराचाच धडा, भाजीवाल्यांच्या आरोळ्यांसकट. सरिताबाई दारातल्या नव्या चपलांकडं बघत म्हणतात, "वाचू नको गं माय. नुसती ये."

आवाज थांबायला बराच वेळ लागतो.