बी-कॉम्प्लेक्सचा वास
बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीतून तो उग्र वास आला की मला बिबवेवाडीतलं तळघरातलं पूल पार्लर आठवतं. नेम धरताना थोरल्या भावाचा हात थरथरायला लागला होता. “व्हिटॅमिन कमी पडतंय, दुसरं काही नाही,” म्हणत तो खेळाआधी गोळी घ्यायचा. त्या संध्याकाळी काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी होता. एका फटक्यात डाव त्याचा. पण मारण्याआधीच स्टिकचं टोक पांढऱ्या बॉलला टेकलं. “फाउल,” तो स्वतःच म्हणाला. “आम्हाला काही दिसलं नाही, मारा तुम्ही,” समोरचा म्हणाला. “मला दिसलं ना.” त्याने स्टिक भिंतीला लावली, बाटली तिथेच सोडली आणि जिना चढून गेला. आजची बाटली मुलीने आणलीय. सकाळी माझ्या हातातली कपबशी वाजताना तिने ऐकली.